घोड्यांच्या घोंगड्या

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमालांची संघटना चालवतात. त्यांच्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले, त्यामुळे कोणताही मजकूर निषेधाने सुरू होतो आणि मागण्यांवर संपतो, अशी माझी पक्की समजूत होती. मॅसॅच्युसेट्समध्ये शिकताना एका लहान गावाच्या संग्रहालयात काम मिळालं, तेव्हा ती समजूत मी सोबत नेली.

काम एका क्वार्टरमास्टरच्या कागदांचं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन सैन्याला गाड्या, चारा, बूट, तंबू पुरवणारा हा अधिकारी. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकदाही गोळी झाडल्याची नोंद नाही. नालाच्या खिळ्यांची मात्र आहे. एका हिवाळ्यात सैन्याने मूळ रहिवाशांची कुटुंबं त्यांच्या जमिनीवरून हुसकावून लांब नेली. त्या मोहिमेचा सगळा पुरवठा ह्याचा. प्रदर्शनासाठी मी त्याच्यावर नऊ पानी फलक लिहिला. शीर्षक, ‘साम्राज्याच्या हमालाचा धिक्कार असो!’

वडिलांना फोनवर वाचून दाखवला.

“हमालाचा धिक्कार?” ते म्हणाले. “अगं, तुझं शिक्षण कुणाच्या पाठीवर झालं?”

संग्रहालय चालवणाऱ्या बाईंची अडचण वेगळी होती. “लोक फलकासमोर अर्धं मिनिट थांबतात. शिवाय हे कागद त्याच्या पणतूने दिलेत, त्याची सही लागेल. तो नाही म्हणाला, तर सगळे खोके परत त्याच्या गॅरेजमध्ये.”

मी शीर्षक काढलं, विशेषणं काढली, मागण्या काढल्या. उरलं ते एवढंच: ‘त्या हिवाळ्यात त्याने चाळीस गाड्या, खेचरांसाठी चारा आणि प्रत्येक घोड्यासाठी एक घोंगडी मागवली. हुसकावलेली कुटुंबं चालत गेली. त्यांच्यासाठी घोंगड्या मागवल्याची नोंद सापडत नाही.’

पणतू सत्तरीचा होता. त्याने फलकाचा कागद दोनदा वाचला.

“माझे पणजोबा भले गृहस्थ होते.”

“असतील,” मी म्हटलं.

“सगळंच कुणी लिहून ठेवत नाही.”

मी नालाच्या खिळ्यांच्या हिशेबाचा कागद पुढे केला. त्याने तो पाहिला. “घरी अजून एक खोका आहे,” तो म्हणाला आणि सही न करता गेला.

शनिवारी तो खोका घेऊन आला. आम्ही सकाळभर समोरासमोर बसून एकेक कागद पाहिला. दिव्यांचं तेल. बटणं. तंबूच्या खुंट्या. त्याने चष्मा पुसून खोका पुन्हा पहिल्यापासून तपासला. मीही तपासला. दुपारी त्याने पेन्सिल मागितली आणि फलकातलं शेवटचं वाक्य खोडलं. मी बाईंकडे पाहिलं. बाई रिकाम्या खोक्याकडे पाहत होत्या.

मग त्याने खोडलेल्या ओळीखाली लिहिलं, ‘त्यांच्यासाठी त्याने एकही मागवली नाही.’

“‘सापडत नाही’ वाचून वाटेल, आपण नीट शोधलंच नाही,” तो म्हणाला आणि सही केली.

निघताना दारात थांबून त्याने विचारलं, “घोड्यांच्या तरी वेळेवर पोचल्या का?”

पोचल्या होत्या. पोचपावती होती.