झोका काढायची सभा

काएदे लग्न करून जपानच्या या डोंगरगावात आली, तेव्हा गावाने तिला डोक्यावर घेतलं. का नाही घेणार? इथे तरुण मंडळाचे अध्यक्षच सत्तरीच्या पुढचे! दर हिवाळ्यात म्हाताऱ्यांच्या छपरांवरचा बर्फ उतरवायचा काएदेने, त्यांना दवाखान्यात न्यायचं तिनेच. "पोर गुणाची हो," म्हणत म्हातारे मुळ्याचं लोणचं पुढे करायचे. कौतुक तोंडभर आणि काम मणभर. नवरा म्हणायचा, शहरात जाऊ. तीच नको म्हणायची.

गावात लहान मूल एकच, तिची इतो. तिच्यासाठी देवळाच्या आवारात एक झोका होता. गेन्झो आजोबांना त्याची कुरकुर आणि पोरीचं खिदळणं सोसवेना. झोका काढून तिथे गेटबॉलचं मैदान करायचं, म्हणून सभा भरली. हातोड्याने चेंडू ढकलायचा हा म्हाताऱ्यांचा खेळ. एक मैदान होतंच, पण हावरटांना दुसरं हवं होतं.

सभेत वयाप्रमाणे बोलायची रीत. काएदे सगळ्यांत धाकटी, म्हणजे चहा ओतायचा आधी आणि तोंड उघडायचं शेवटी. सगळ्यांची गुडघेदुखी ऐकून तिची पाळी आली, तोवर निम्मे जण जोडे शोधत होते.

"झोका राहू द्या ना. इतोला दुसरं काय आहे इथे?"

"एका पोरीसाठी आम्ही कानठळ्या बसवून घ्यायच्या?" गेन्झो आजोबा म्हणाले. "ते सोड. दुसरं कधी आणतेस? पुढे गावात माणसं नकोत का आमच्याकडे बघायला?"

सगळे खो खो हसले. काएदेला शिसारी आली.

"तुम्हाला पोरं नकोतच," ती म्हणाली. "म्हातारपणाच्या काठ्या हव्यात. मुक्या."

"जीभ बघा हिची!" आजोबांनी झोका काढायला टाळ्यांनी मंजुरी मागितली. टाळ्या पडल्या. तिच्या सासऱ्यांनीही वाजवल्या, इतोच्या सख्ख्या आजोबांनी.

बाहेर येताच तिने विचारलं, "मामंजी, तुम्हीसुद्धा?"

"चारचौघांत वाईट दिसलं असतं गं. पोरीचं काय, विसरेल."

"आम्ही शहरात जातोय. हे केव्हाचे म्हणत होते, मीच मूर्ख अडून बसले होते."

सासरे थबकले. कुठे, कधी, इतो कशी राहील, यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"मग माझं कोण करणार?" त्यांनी विचारलं.