बापानं विणलेली बैठक

पांक्राट्स ड्रेहर बाजारात टोपली विकायचा, तेव्हा आधी ती उपडी घालून बुटांसकट तिच्यावर उभा राहायचा. जर्मनीतल्या माईन नदीकाठच्या गावांतले सगळेच बुरूड तसं करत. आपल्या टोपलीवर आपल्यालाच उभं राहवत नसेल, तर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये, एवढा साधा हिशेब होता. गिऱ्हाइकंही टोपलीपेक्षा बुरुडाच्या चेहऱ्याकडं जास्त बघत.

त्याचा मुलगा किलियान शिकला, इंजिनिअर झाला आणि गावाजवळच्या कुरणावर निघालेल्या विमानांच्या छोट्या कारखान्यात लागला. त्या काळात विमान म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, तारा आणि ताणून बसवलेलं कापड. कामाला माणसं आली ती आसपासची बुरूड आणि सुतार मंडळीच. त्यांनी बाजाराची रीत कुरणावरही आणली. ज्यानं विमान आखलं, त्यानं पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या मागं बसायचं. लिहून कुणीच ठेवलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

आता उंचीला भिणाऱ्यानं विमानं बांधू नयेत असा काही कायदा नाही. किलियान भ्यायचा. लहानपणी चर्चच्या मनोऱ्यावर पोरं चढायची, तर हा अर्ध्या जिन्यातून परत फिरायचा. कागदावर मात्र त्याचा हात असा चाले की जुनेजाणते सुतार मान डोलवत. आपल्याला एक दिवस त्या यंत्रात बसावं लागणार, हे त्यानं मनात येऊच दिलं नव्हतं. शहाण्या माणसांचा मूर्खपणा हा असाच असतो.

एकोणीसशे अकराच्या उन्हाळ्यात त्याचं पहिलं विमान तयार झालं. पांक्राट्स बैलगाडीतून आला, तो मांडीवर एक बैठक घेऊन. वाळुंजीच्या सोललेल्या काड्यांची, पाठीला अर्धगोल, हलकी आणि घट्ट.

"तुझ्या मापाची विणली आहे," तो म्हणाला. "उभं राहून बघितलंय मी तिच्यावर. आता तू बस."

सगळं कुरण गोळा झालं होतं. बिअरचं पिंप आलं होतं, सॉसेज भाजत होती. वैमानिक लोथार आधीच चढून बसला होता. किलियाननं एक पाय पायरीवर ठेवला. मग त्यानं तो परत खाली घेतला.

"कान ठणकतोय माझा," तो म्हणाला. "सकाळपासून ठणकतोय."

पिंपाजवळून एक आवाज आला, "काल रात्री खानावळीत तर दोन्ही कान शाबूत होते, इंजिनिअरसाहेब!"

हशा पिकला. किलियानचं तोंड तांबडंलाल झालं. तेवढ्यात त्याची बायको वाल्बुर्गा गर्दीतून पुढं आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिनं डोक्यावरचा रुमाल हनुवटीखाली करकचून बांधला आणि म्हणाली, "मी बसते. ड्रेहरांच्या घरचं कुणीतरी बसलं म्हणजे झालं ना?"

अडवायला हवं होतं त्यानं. तोंड उघडलंही होतं. पण त्या क्षणी आपण सुटलो असं त्याला वाटलं, आणि त्या सुटकेच्या गोडीत त्यानं ते मिटून घेतलं. त्या गोडीची लाज त्याला पुढं आयुष्यभर पुरली.

ती हलकी पडत होती, म्हणून पायाशी वाळूची पिशवी ठेवली. "साहेबांच्या डोक्याएवढी पुरे!" कुणीतरी ओरडलं. विमान उडालं, नदीवरून वळलं आणि पाखरासारखं उतरलं. वाल्बुर्गा हसत खाली आली.

"कसं वाटलं?" किलियाननं विचारलं.

"झोपाळ्यावर बसल्यासारखं," ती म्हणाली.

पांक्राट्सनं सुनेच्या खांद्यावर थोपटलं, मुलाकडं न बघता गाडी जोडली आणि तो निघून गेला.

मग तोच शिरस्ता पडला. नवं विमान झालं की जुन्यातली बैठक काढून त्यात बसवायची आणि वाल्बुर्गानं रुमाल बांधायचा. किलियान कधी सर्दी पुढं करायचा, कधी हिशेबाचं काम. पुढंपुढं कारण विचारायचंही लोकांनी सोडलं. "आमचा इंजिनिअर बायकोच्या झग्याआड लपून उडतो," असं खानावळीत म्हणत आणि तो आत आला की बिअरमध्ये तोंडं घालत.

गंमत बघा, बाहेरून विमानं घ्यायला येणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे, जो माणूस स्वतःची तरणी बायको बसवतो, त्याला आपल्या कामाची केवढी खात्री! एका जेवणावळीत असल्याच एका पाहुण्यानं उभं राहून त्याच्या धैर्याचं कौतुक केलं. टाळ्या पडल्या. किलियान ताटातल्या बटाट्याच्या गोळ्याकडं बघत बसला. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्याला झालं. शेजारी बसलेली वाल्बुर्गा शांतपणे जेवत होती. तिच्याकडं बघून तो मनाची समजूत घाली, हिला कुठं काय वाटतं? मी भित्रा आहे, ही नाही. देवानं वाटणी उलटी केली, एवढंच.

युद्ध आलं, कारखाना वाढला. युद्धात हार झाली, कारखाना बसला. जेत्यांचा हुकूम आला की उरलेली विमानं मोडा. त्याच हिवाळ्यात पांक्राट्स अंथरुणाला खिळला. किलियान उशाशी बसला होता.

"बैठक टिकली का रे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"टिकली, बाबा."

"बसायला कशी आहे?"

किलियान पांघरुणाची कड सारखी करायला लागला. म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवसांनी तो गेला.

वसंतात शेवटचं विमान नदीपलीकडच्या आवारात मोडायला द्यायचं होतं. आदल्या दिवशी लोथार त्यातून एक शेवटची घिरटी मारणार होता. वाल्बुर्गानं सवयीनं रुमाल बांधायला घेतला.

"राहू दे," किलियान म्हणाला. "आज मी बसतो."

"कान?" तिनं विचारलं. चिडवत होती की नाही, ते त्याला कळलं नाही.

तो चढला. बापाच्या मोजमापात काडीचीही चूक नव्हती. पाठ बरोबर टेकली. विमान धावलं, जमीन सुटली, आणि त्याचा उजवा हात आपसूक बैठकीच्या कडेला गेला. तिथं बोटांना खाचा लागल्या. चार, शेजारीशेजारी. काड्या ओरबाडून ओरबाडून तुटल्या होत्या, टोकं वर आली होती. तो बुरुडाचा पोर. बसून विणकाम झिजतं ते मध्यावर, कडेला नाही, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. ही वाल्बुर्गाची नखं होती. नऊ वर्षं, प्रत्येक विमानात, त्याच जागी रुतवलेली नखं.

खाली नदी वळत होती, गाव काडेपेटीएवढं झालं होतं. पण त्याचं तिकडं लक्षच गेलं नाही. त्यालाही भीती वाटत होती, आणि तो त्याच खाचांत बोटं घालून बसला होता. झोपाळा म्हणे! आणि आपण ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं.

विमान उतरलं. वाल्बुर्गा कुंपणाशी उभी होती.

"कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"झोपाळ्यावर बसल्यासारखं," तो म्हणाला.

तिनं त्याचा उजवा हात हातात घेऊन उलटा केला. मधल्या बोटाच्या नखाखाली काडीचं कुसळ घुसलं होतं. केसांतला आकडा काढून ती ते हलकेच टोकरायला लागली.

"डाव्या हातानं धरायचं रे," ती मान वर न करता म्हणाली. "तिकडची कड अजून शाबूत आहे."

कुसळ निघालं, तरी किलियाननं हात काढून घेतला नाही. तिच्या चेहऱ्याकडं बघायचं धाडस मात्र त्याला झालं नाही.