पाच डझन म्हणजे पासष्ट

नाटे गावच्या ताई, गुडघा काय म्हणतो? विलास, मोतीबिंदू काढलास ना, मग हे चष्मा लावूनच वाच. हेदवीच्या मामी, खोकला गेला की अजून काढा चालूच? मी ठणठणीत... म्हणजे सकाळच्या तीन गोळ्या धरून.

काल माझ्या लेकीचा, मनूचा फोन आला. "बाबा, छोटीला दोन वर्षं घरीच शिकवावं म्हणते. तुम्ही माझ्या वेळी कसं हो ठरवलंत?" फोनवर नीट सांगता येईना... म्हणून इथे आपल्या ग्रुपवर लिहितो, मनूही वाचेल.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. मी तेव्हा मिरजोळ्याला आंब्याच्या पेट्या ठोकायचो. शिक्षण चौथी, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून! मनू मात्र पाचव्या वर्षीच पेट्यांवरची नावं-पत्ते घडाघडा वाचायची.

पहिलीत घातली. बाईंचं तरी काय चुकलं... एका खोलीत दोन वर्ग, आणि ही सगळ्यांच्या आधी उत्तर देऊन मोकळी. "तू गप्प बस हां," हे ऐकून ऐकून दिवाळीपर्यंत ती घरीही गप्प झाली.

समुद्र खारट का, खेकडा तिरका का चालतो, असं दिवसभर डोकं खाणारी पोर... जेवताना नुसती ताटाकडे बघत बसायची. मला ते बघवेना. ठरवलं, हिला घरीच शिकवायची.

माझी आई म्हणाली, "पोरीला घरात ठेवून लोणचं घालतोयस की काय रे?" मनूची आई सुलभा, तिने टोमणा नाही मारला. एवढंच म्हणाली, "अहो, उद्या कुठल्याच शाळेने घेतली नाही तर? माझी पोर जन्मभर खिळे वेचत बसायची का?"

तरी सुरुवात केली.

आमची शाळा भरायची लाकडाच्या भुशात. फूटपट्टीने फळ्या मोजायच्या, पेटी जाणार ते गाव नकाशात शोधायचं. मला येत नसलं की सरळ सांगायचो, "नाय येत गो मला, चल शोधू..." महिन्याभरात खेकडा परत आला. म्हणजे त्याच्यावरचे प्रश्न!

दीड वर्षाने सुलभाने हट्टच धरला, म्हणून मनूला शेजारच्या गावच्या हेडमास्तरांकडे नेलं. तिसरीत घेतील का, ते विचारायला. मनूने धडा खणखणीत वाचला, गुरुजी खूश. मग त्यांनी विचारलं, "पाच डझन म्हणजे किती?"

"पासष्ट. तेरा पाचे पासष्ट."

सुलभाने माझ्याकडे असं बघितलं... खुर्चीखाली जागा असती तर शिरलो असतो.

"डझनात तेरा कसे गो?" गुरुजींनी विचारलं.

"तेरावा वाटेत एखादा नासला तर! घेणाऱ्याला कमी पडायला नको."

आमच्या बागायतदाराची रीतच होती ती, डझनामागे एक आंबा जास्तीचा भरायचा. मनूने डझन पाहिला तो तिथेच. आणि डझन मुळात बाराचा, हे सांगायचं मी शहाणा विसरलो!

गुरुजी हसले नाहीत. "बरं, डझन बाराचाच. मग पाच डझनी चाळीस पेट्यांत जास्तीचे किती?"

"दोनशे." बोटंसुद्धा मोजली नाहीत पोरीने.

गुरुजी माझ्याकडे वळले. "पोर तयार आहे. चुकलात तुम्ही."

"होय गुरुजी."

"तिसरीत आत्ता घेतो म्हटलं तर घेईन. पण ऐंशी पोरांत ही पुन्हा गप्प होईल. आणखी वर्षभर घरीच शिकवा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझ्याकडे आणा, तुमच्या चुका मी काढतो. मग चौथीत बसवू."

घरी परतल्यावर दारातच सुलभा म्हणाली, "शनिवारी निळा फ्रॉक घालू तिला. दोन बटणं लावायचीत..." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मनू, सगळं येत नाही म्हणून घाबरू नकोस गो. फक्त आपली चूक तोंडावर सांगेल असं एक माणूस गाठून ठेव. गुरुजी आता नाहीत... पण त्यांचे ते शनिवार म्हणजे आमच्या डझनातला तेरावा आंबा.

ताई, विलास, मामी, तब्येतीचं लवकर लिहा. आणि ताई, नुसता अंगठा पाठवू नकोस, दोन ओळी लिही... वाट बघतोय.