उधाणाच्या दिवशीचा सत्कार

गावात मला सुभेदार म्हणतात. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, हे सुरुवातीला प्रत्येकाला सांगत असे, मग सोडून दिलं. लोकांनी आपल्याला वर चढवलं तर आपणहून कोण खाली उतरतो? कारगिलच्या वेळी मी वरच्या ठाण्यांवर दारूगोळा पोचवत होतो, एवढं खरं. बाकीच्या गोष्टी गावाने हळदीच्या मांडवात आणि चहाच्या टपरीवर आपल्या आपण वाढवल्या, आणि मीही त्यांना फारसा आडवा गेलो नाही.

आमचं गाव पेणच्या बाजूला, खाडीला लागून. शेतं खाडीच्या पाण्याहून खाली आणि मध्ये मातीचा बांध. बांध आहे म्हणून भात आहे. या बांधात एक दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ती उघडली की शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत जातं. भरती यायच्या आत फळ्या टाकून ती बंद करावी लागते, नाहीतर खारं पाणी आत शिरतं. एकदा ते शेतात बसलं की मग वर्षानुवर्षं तिथे भाताचं नाव घ्यायचं नाही.

पूर्वी उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर जायचा. मी फौजेतून आलो तेव्हा ही पद्धत मोडत आली होती. कुणाची कंपनीत शिफ्ट, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला नुसताच कंटाळा. मी ती पुन्हा उभी केली. वहीत नावं लिहून पाळ्या लावल्या, देवळाच्या भिंतीवर भरतीच्या वेळा लिहायला लागलो, गळ्यात शिट्टी अडकवली. उशिरा येणाऱ्याला मी चारचौघांत झापत असे. एकदा एका म्हाताऱ्याला फावडं खांद्यावर कसं धरायचं हेही शिकवलं, जो माझ्या जन्माच्या आधीपासून फावडं धरत होता. लोक हसायचे, पण यायचे. इतकी वर्षं बांधाला एक खांड, म्हणजे भगदाड, पडू दिली नाही, याचा मला माझ्या पदकांपेक्षा जास्त अभिमान होता.

मग एका कंपनीचा माणूस फाइल घेऊन यायला लागला. त्याला आमची सगळी शेतं सलग हवी होती आणि माझी शेतं नेमकी मधोमध. देवळात बैठक झाली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, जोवर हा बांध उभा आहे, तोवर माझी सही मिळणार नाही. त्यानंतर विषयच निघाला नाही. मला वाटलं, माणसांना पटलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, बघ, नीट समजावून सांगितलं की आपली माणसं ऐकतात. ती तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही.

त्या वर्षी कापणी लवकर उरकली. एरवी दिवाळीनंतरही चार घरांचं भात शेतात पडलेलं असतं. त्या वर्षी सगळ्यांनी एकमेकांच्या शेतात उतरून झोडणीसकट काम संपवलं आणि भात घरात नेलं. मी बांधावर उभा राहून सगळ्यांची पाठ थोपटली. शिस्त लागली की अशी लागते, असं काहीतरी बोललोसुद्धा. ते आठवलं की आजही कान गरम होतात.

त्याच सुमारास रोह्याच्या एका मंडळाचं पत्र आलं. माजी सैनिकांचा सत्कार, शाल-श्रीफळ, दोन शब्द बोलावेत. तारीख बघितली तर पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, उधाण ऐन जोरात, भरती दुपारी एकच्या सुमाराला. मी नाही म्हणणार होतो.

"जावा की," बायको म्हणाली. "रोज बांधच बघताव. एक दिस नाय बघितला तर बांध कय पलून नाय जायाचा."

माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, उघाडीवर मी मानूस लावलाय. मी येतंय तुज्याबरोबर. गाडीची सोय पन केलीय."

बायकोने कोट इस्त्री करून दिला, पदकं स्वतःच्या पदराने पुसली. असं तिने कधी केलं नव्हतं. मी खूश झालो. खोटं कशाला सांगू, गाडीत बसताना मला वरातीला निघाल्यासारखं वाटत होतं.

रोह्यात सभागृह भरलेलं होतं. मंडळाची माणसं भली, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. माझी पाळी आली तेव्हा मी युद्धाबद्दल थोडं बोललो आणि गावाबद्दल जास्त. म्हणालो, "आत्ता या क्षणी आमच्या बांधाला मोठी भरती लागली असेल आणि मी इथे निर्धास्त उभा आहे, कारण माझ्या गावची माणसं बांधावर आहेत." टाळ्या पडल्या. भाऊ पहिल्या रांगेत होता. तो टाळ्या वाजवत नव्हता, चपलेकडे बघत होता. मला वाटलं, भरून आलं असेल त्याला.

निघताना तो म्हणाला, कोलाडला जेवण सांगितलंय. आता रोह्याहून पेणला परतणाऱ्या माणसाला कोलाडला जायचं काही कारण नाही, ते उलट्या दिशेला आहे. मी तसं म्हटलंही. "आज तुजा दिवस, दादा," तो म्हणाला. मी गेलो. मासे चांगले होते. दोनदा मी घड्याळ बघितलं आणि दोन्ही वेळा त्याने अजून सोलकढी मागवली. पुढे नागोठण्यापर्यंत मला डुलकी लागली. वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मी त्याला म्हणालो, फार दिवसांनी असं पोटभर जेवलो. त्याने खिडकीची काच खाली केली.

गावात शिरताना ऊन कलत होतं. बांधाच्या आतल्या बाजूला, कापलेल्या भाताच्या खुंटांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी उभं होतं. मी गाडी थांबवायला लावली आणि कोटासकट उघाडीकडे पळालो. मला वाटत होतं खांड पडली, माणसं कमी पडली, कुणी वाहून तर गेलं नाही ना. बांध जागच्या जागी होता. उघाडी सताड उघडी होती आणि तिच्या फळ्या बाजूला, लांबीप्रमाणे, एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या. फळ्या अशा रचायच्या हे मीच शिकवलं होतं.

एकट्याने फळ्या परत टाकायला मला बराच वेळ लागला. आता टाकून उपयोग नव्हता, तरी टाकल्या. देवळाच्या ओट्यावर दहा-बारा माणसं बसून बघत होती. कुणी अडवलं नाही, कुणी हात लावला नाही. मी वर आलो तेव्हा आमचा शेजारी म्हणाला, "सुभेदार, बसा. च्या घेवा."

मी त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं.

"तुमीच बोललाव ना," तो म्हणाला, "बांध हाय तवर सही नाय. आमी कय करनार? आमाला इकायचा हाय, आमची पोरा आता भात लावनार नायत. शेतात खारा पानी बसला, आता बांध राखून कय उपेग? तुमाला सांगून तुमी ऐकला असता?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, मस्करीही नव्हती. ओट्यावरचा एकही माणूस माझ्यावर चिडलेला नव्हता. ते मला तसेच मानत होते, जसे सकाळी मानत होते. सुभेदार म्हणत होते. शत्रू चिडलेला असतो, त्याच्याशी काय करायचं ते कळतं. हे सगळे माझ्यासाठी चहा सांगत होते आणि मला तिथे रडू फुटेल की काय अशी भीती वाटली, म्हणून मी घरी गेलो.

बायको चुलीपाशी होती. मी दारातूनच विचारलं, "तुला माहीत होतं गो?"

"व्हय."

"कधीपासून?"

"बैठकीपासून." तिने भाकरी उलटली. "तुमी फौजत व्हताव तवा या घरचा मानूस म्हनून बांधावर कोन जात व्हता? मी. पोटुशी व्हते तवा पन गेले. डोक्यावर चिखलाची पाटी घेवन. ते तुमच्या वहीत नाय. तुमाला वाटला, तुमी आलाव आनि बांध चालू झाला. मना आता नको तो बांध."

या घरातून वीस वर्षं कोण फावडं घेऊन गेलं, हे मी खरंच कधी विचारलं नव्हतं. तरी माझा राग कमी होत नव्हता. नको होता तर तोंडावर सांगायचं होतं, मला कपडे चढवून, नटवून, दुसऱ्या गावाला पाठवायचं काय कारण होतं?

"आणि हे रोह्याचं?" मी विचारलं. "हे कुणाला सुचलं? भावाला?"

"त्याला कुठली एवरी अक्कल," ती म्हणाली. "मीच सांगितला गाववाल्यांना. त्या मंडळाला तुमचा नाव कलवा म्हटला. आजारपनाचा निरोप धाडला असता तरी तुमी उधान सोडून गेला नसताव. मयताला पन गेला नसताव. सत्काराला जाल, ह्ये मना ठावक व्हता."

ते खरं होतं. गावाला मी कधीच माफ करून टाकलं आहे. तिला अजून नाही, कारण तिचं खरं होतं.