ताई आणि आमची शोकेस

मंगलचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "लवकर या, ताई..." एवढंच ती बोलली. मी वैतागून विचारलं, "आता कुठे आहे ती?" वर्षानुवर्षांची सवय, दुसरं काय. सुजाताताईबद्दल फोन आला की पहिला प्रश्न हाच असायचा. मंगल म्हणाली, "त्यांच्या घरातच आहेत हो. म्हणून तर म्हणतेय, लवकर या."

माझी ही थोरली बहीण क्युरेटर होती. आमच्या आत्याला हे समजावता समजावता मी म्हातारा झालो. "चित्रं काढते का?" नाही. दुसऱ्यांनी काढलेली कुठे, कशाशेजारी लावायची ते ठरवते. "म्हणजे खिळे ठोकते?" त्यातून ती रेसिडेन्सीवर जायची. कुठलीतरी संस्था तिला दोन-तीन महिने फिरवायची, राहायला खोली द्यायची, आणि ताईने गावोगावच्या कलाकारांकडे जाऊन बसायचं, बघायचं, बोलायचं. "आणि काम काय करायचं?" आत्या विचारायची. तेच काम, आत्या. आत्या माझ्याकडे अशी बघायची, जणू बहीण बिघडली ती माझ्यामुळेच.

मला त्या फिरण्याचं काही नव्हतं. वैताग यायचा तो ताई परत आल्यावर. विमानतळावरून ती आधी विश्रांतवाडीला आमच्याकडे यायची, कारण तिच्या फ्लॅटची किल्ली आमच्याकडे. चपला काढायची, पाणी प्यायची आणि सरळ हॉलमधल्या शोकेसकडे जायची. आमची शोकेस चारचौघांसारखीच आहे: माझी ऑफिसच्या कॅरम स्पर्धेतली ढाल, बोधगयेहून आणलेली बुद्धमूर्ती, मंगलने केलेल्या दोन कापडी बाहुल्या, आणि सगळ्यांच्या पुढे सोनेरी काठाचे सहा कप, कधीही न वापरलेले. ताई मान तिरकी करून, एक डोळा मिटून बघायची. मग दार सरकवून कप मागे ढकलायची आणि कुठल्याशा देशातून आणलेला मातीचा कोंबडा पुढे आणायची. मी काय चाललंय ते बघायला जवळ गेलो की म्हणायची, "मिल्या, बाजूला हो. उजेड अडवतोस." माझी ढाल तर तिने एकदा चक्क पालथी ठेवली होती. ती घरी गेली की मंगल एक शब्द न बोलता कप पुढे, कोंबडा मागे. पुढच्या वेळी पुन्हा तेच. दोघींचं यावर कधी एका अक्षराने बोलणं झालं नाही. मधल्या मध्ये मी.

गेल्या वर्षी ताईच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. तेव्हा नेमकी एक रेसिडेन्सी मंजूर झालेली, अट अशी की फिरलंच पाहिजे. मला वाटलं, चला, बसेल आता घरी. ताईने संस्थेला कळवलं की ती पुण्यातच फिरेल, आणि लोकांच्या घरच्या शोकेस बघेल. "प्रत्येक घरात एक क्युरेटर असते रे," ती मला म्हणाली, "फक्त तिला कुणी विचारत नाही." संस्थेने होकार दिला. शहाणी माणसं नाही म्हणतील या भरवशावर मी होतो. गाडी चालवायला अर्थातच मी.

हडपसरला माझ्या एका सहकाऱ्याचे चुलते राहतात. सहकाऱ्याने त्यांना काय निरोप दिला कोण जाणे. आम्ही पोचलो तर घर चकाचक, कांदेपोहे तयार, आणि साडी नेसलेली एक मुलगी अतिशय नाखुशीने ट्रे घेऊन आली. चुलत्यांनी मला विचारलं, "चिरंजीव काय करतात?" मीही गाढवासारखा सांगू लागलो, की इंजिनीअर आहे, बंगळुरूला असतो. तोवर ताई शोकेससमोर मांडी घालून बसली होती. "हे शंख वरच्या फळीवर का ठेवलेत?" तिने मुलीला विचारलं. सगळा उलगडा झाल्यावर चुलते थंडपणे म्हणाले, "म्हणजे मुलगी नाही, कपाट बघायचंय." मी हो म्हटलं. "बरं. बघा. पोहे खाऊन बघा." मुलीचा चेहरा मात्र खुलला. त्या शंखांबद्दल ती इतकं बोलली, की ताईला तिथून उठवता उठवता माझे पोहे गार झाले.

परत येताना मला हसू आवरेना. मगरपट्ट्याच्या सिग्नलला ताई म्हणाली, "माझ्या वेळीही असाच ट्रे होता..."

अशी बरीच घरं झाली, लोणी काळभोरपर्यंत. शेवटचं घर आमचं, असं ताईने आधीच ठरवलेलं होतं. ते झालं की काम पुरं. आणि मंगल अडून बसली. "आमच्यात काय बघायचंय? येऊन येऊन त्यांनीच तर हलवलंय सगळं." मी दोघींना समजावलं, म्हणजे दोघींची बोलणी खाल्ली. ताईला दोन जिने चढताना दम लागायचा, तरी ती एका रविवारी आली, पाहुण्यासारखी सोफ्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मंगल, आज मी हात लावणार नाही. फक्त एक सांग. हे कप पुढे का?"

मंगल पदराशी चाळा करत म्हणाली, "आईंनी सांगितलं होतं."

"वाटलंच मला. मी लग्न केलं नाही म्हणून कायम डोळ्यांसमोर."

"काहीतरीच काय, ताई," मंगल म्हणाली. "हे सुजाताचे आहेत, म्हणाल्या. तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी घेतले होते, पाहुणे यायचे राहिले, कप तसेच राहिले. ती येते आणि जाते. पुढे ठेव, म्हणजे कधीतरी मागेल. मागितले की द्यायचे. मी किती वर्षं वाट बघतेय, तुम्ही मात्र मागे ढकलताय."

ताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाली, "त्यातच चहा दे." आम्ही तिघं त्या कपांतून चहा प्यायलो. कान इतका बारीक की माझं बोटही आत जाईना. जाताना तिने एक कप पिशवीत घातला. "बाकीचे नंतर. पुढच्या रविवारपर्यंत तुला हवी तशी लाव शोकेस, मंगल. मग फोटो काढते, की झालं."

तो रविवार आला नाही. त्याच्या आधीच मंगल ताईकडे डबा द्यायला गेली आणि तिने मला फोन केला...

ताई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला संस्थेची माणसं आली होती. शेवटच्या घराचा फोटो तेवढा पाठवा, म्हणाली. मी म्हटलं, आजच काढतो, मोबाईल आहे की. तेव्हापासून मी दर रविवारी मोबाईल घेऊन शोकेससमोर उभा राहतो. ताईकडचा सहावा कप मंगलने धुऊन परत आणलाय. ती तो पाचांशेजारी ठेवते, काढते, कोंबड्याजवळ ठेवते, पुन्हा काढते. एकदा तर माझी ढाल उचलून कुठे ठेवली, अजून सापडलेली नाही. मी म्हणतो, "अगं, एक फोटो. काढू का?" "थांबा, लागलेलं नाही अजून." परवा मला राहवेना. म्हटलं बघू तरी काय लागत नाहीये, म्हणून जवळ गेलो. मंगलची मान तिरकी, एक डोळा मिटलेला. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा हो. उजेड अडवताय."

मी बाजूला झालो.