छतावरची भेग

समुद्रकाठच्या पोर्थवेन गावातल्या निम्म्या लोकांना आयर्लिसने लहानपणी जेवू घातलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. डाव धरून धरून दंड असे कमावलेले की मासळीच्या बोटीवरचे गडीही तिच्याशी पंजा लढवायला कचरत. नवरा ग्विलिम वारला आणि त्याच साली ती निवृत्त झाली. लोकांना वाटलं, बाई आता लोकर विणत बसेल. तिने शेजारच्या गावच्या तंत्रशाळेत संध्याकाळच्या वेल्डिंगच्या वर्गात नाव घातलं.

कारण घरामागच्या पत्र्याच्या पडवीत उभं होतं. ग्विलिमची जुनी कॅम्पर व्हॅन. आत झोपायची फळी, चहाची शेगडी, टेबल, सगळं होतं. लग्नानंतर थोरल्या दिराने, इदवालने, आपल्या गॅरेजातून ती त्यांना जवळजवळ फुकटात दिली होती. मुलगी लुनेद त्याच गाडीत रांगायला शिकली. पुढे ग्विलिमचे गुडघे गेले, गाडी ताडपत्रीखाली गेली, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने तिचा फडशा पाडायला घेतला.

आता लुनेदला दिवस गेले होते. कार्डिफहून फोनवर ती म्हणाली, "आई, बाबांची गाडी भंगारात नको हं घालू. पुढच्या उन्हाळ्यात बाळाला घेऊन आम्ही तिच्यातूनच फिरणार."

"चाळण झालीय तिची, पोरी."

"मग शिक की ठिगळं लावायला. नाहीतरी तू कुणाला गप्प बसू देतेस?"

झालं. आयर्लिसने ताडपत्री ओढली.

गंज वरून दिसतो त्याच्या दसपट आत असतो, हे वर्गात मास्तरांनी बजावलं होतं. चाकाच्या वर रंगाला नुसता फोड आलेला दिसायचा. ती स्क्रूड्रायव्हर टेकवायची तर तो मुठीपर्यंत आत जायचा. पत्रा बिस्किटासारखा मोडायचा. आतून तांबडा भुसा, वाळू, एकदा तर मेलेल्या उंदराचं अख्खं बिऱ्हाड निघालं. ती कुजलेला भाग ग्राइंडरने कापी, पुठ्ठ्यावर माप घेई, नवा पत्रा कापून डकवी. गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवर चढवलेली. ती खाली उताणी पडून काम करायची, आणि ठिणग्या बाहीत शिरल्या की ग्विलिमला शिव्या घालायची.

इदवाल रोज यायचा. त्याचं घर त्याच गल्लीच्या टोकाला. सत्तरी ओलांडलेला, उंच, चॅपलमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. गॅरेज विकून टाकलं तरी गावात कुणाची मोटार बंद पडली की आधी त्यालाच हाक जायची.

"आयर्लिस, सोड गं तो नाद," तो दारातूनच म्हणायचा. "सांगाड्यात दम नाही राहिला. मी गिऱ्हाईक बघून देतो. सुटे भाग विकले तरी बरे पैसे येतील."

"बायकांच्या हातात वेल्डिंगची बंदूक बघवत नाही का रे तुला?"

"तसं नाही."

"मग ये, जरा तो पत्रा धर."

तो पत्रा धरायला कधी आला नाही. पडवीच्या उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल घातलं नाही. बोलताना नजर मात्र तिच्यावर नसायची. गाडीच्या छतावर असायची.

दुसरं एक माणूस गाडीकडे बघायचंच नाही. गल्लीतून रोज दुकानात जाणाऱ्या मिसेस प्यू. म्हाताऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या. पडवीपाशी आल्या की मान पलीकडे वळवायच्या. ते कुणाला खटकत नसे, कारण का ते गावाला ठाऊक होतं. त्यांचा आर्वेल अशाच व्हॅनमधून नव्या बायकोला, काइन्वेनला, घेऊन डोंगराच्या घाटातून येत होता. एका वळणावर गाडी सरळ दरीत गेली. दोघंही गेली. चौकशीत ठरलं की आर्वेलला चाकावर डुलकी लागली. त्याला तीस वर्षांवर काळ लोटला होता.

ऑक्टोबरात आयर्लिसने दारांखालचे उंबरे कापायला घेतले. गाडीचं सगळं वजन तोलणाऱ्या त्या दोन लांब पट्ट्या. त्या कापल्या तर सांगाडा बसू नये म्हणून मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे तिने आधी दारांच्या चौकटींत आडव्या कांबी ठोकल्या. मग डावीकडची पट्टी काढली. दुसऱ्या दिवशी पुढचं दार लागेना. तिला वाटलं, घोडी सरकली असेल. पाहिलं तर घोडी जागच्या जागी. कांबीही घट्ट. मग गाडी बसली कुठून?

शिडीवर चढून तिने छत पाहिलं. पुढच्या सीटांच्या मागे, या कडेपासून त्या कडेपर्यंत, रंगाला केसाएवढी भेग गेली होती. सरळ. पट्टी लावून ओढल्यासारखी.

गंज असा सरळ रेषेत चालत नाही. एवढं तिला आता कळत होतं.

रात्री वारा सुटला. पडवीतून कुरकुर ऐकू येत होती. सकाळी भेगेत नख जाईल एवढी ती रुंदावली होती. आयर्लिसने चहाही न घेता रंग खरवडायला घेतला. रंगाखाली लांबी निघाली, खड्डे बुजवायचा तो लगदा, बोटभर जाड. लांबीखाली वेल्डिंगचा वळ. तो छतावरून खाली दाराच्या खांबात उतरला होता, खांबातून जमिनीच्या पत्र्यात, आणि पलीकडून पुन्हा वर. कमरपट्ट्यासारखा गाडीभोवती फिरलेला. वळाच्या पुढे मूळचा रंग हिरवा. मागे निळा.

ती शिडीच्या पायरीवर बसली. हातातली पटाशी खाली पडली, तिने ती उचलली नाही. एक गाडी नव्हतीच ती. दोन ठोकलेल्या गाड्यांचे धड राहिलेले अर्धे भाग आणून एकमेकांना चिकटवले होते. आणि त्यात तिने पोर झोपवली होती. त्याच घाटातून उतरताना ग्विलिम गाणी म्हणायचा.

दुपारी इदवाल आला. तिने काही विचारलं नाही. नुसतं छताकडे बोट केलं.

तो दाराला टेकला. "सांगत होतो तुला, सोड म्हणून," तो पुटपुटला.

"सख्ख्या भावाला दिलीस, इदवाल?"

"तुमची मी मन लावून जोडली होती. दुहेरी वेल्ड केलं होतं. टिकली की नाही?"

"तुमची म्हणजे?" आयर्लिसने विचारलं. "किती केल्यास अशा?"

तो पडवीच्या दाराची कडी चाळवू लागला.

"किती?"

"तीन. तेव्हा सगळेच करत, आयर्लिस. पुढून ठोकलेली एक घ्यायची, मागून ठोकलेली एक. गॅरेज नवं होतं, डोक्यावर कर्ज..."

"एक आमची. दुसरी कुणाची?"

तिला उत्तराची गरज नव्हती. खाली गल्लीत काठीचा आवाज येत होता. टक, टक. मिसेस प्यू दुकानातून परतत होत्या. आयर्लिसने काठीचा आवाज लांब जाऊ दिला.

"दरीतून गाडी काढायला तुलाच बोलावलं होतं," आयर्लिस हळू म्हणाली.

"हो."

"तू पाहिलंस?"

"जोडावरच उघडली होती." तो तिच्याकडे बघत नव्हता. "चौकशीवाले येण्याआधी मी तो जोड ठेचून... चेंदामेंदाच झाला होता, आयर्लिस. कुणाच्या लक्षात आलं नसतं. नाही आलं."

"आर्वेलच्या शवपेटीला खांदा दिलास तू."

"त्याच्या आईनेच सांगितलं होतं."

हे ऐकून तिला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. इतकी वर्षं नाताळात तिच्या टेबलावर भाजलेलं बदक कापायला बसणारा हा माणूस. याच्या हातची सुरी आपण धार लावून दिलेली.

"रविवारी चॅपल सुटलं की तू मिसेस प्यूंकडे जायचंस," ती म्हणाली. "नाही गेलास तर मी जाईन."

"त्या मरायला टेकल्यात. आता सांगून काय मिळणार त्यांना?"

"ते त्यांना ठरवू दे."

मधले दिवस वाईट गेले. इदवाल फिरकला नाही. त्याच्या घराचा पडदा मात्र ती अंगणात आली की हलायचा. तिने पडवीला कुलूप घातलं. मग आठवलं, ती कडी त्यानेच बसवून दिली होती.

रविवारी चॅपलमध्ये पुढच्या बाकावर त्याची जागा रिकामी होती. पहिलं भजन झालं. दुसरं सुरू झालं आणि आयर्लिसला बसवेना. ती उठून बाहेर आली. टेकडीवरून गल्ली दिसते. तिच्या घरामागून काळा धूर सरळ वर चढत होता.

ती धावली. पडवीचं दार उघडं, आत इदवाल, हातात पत्रा कापायचा गॅसचा टॉर्च. गाडीच्या पोटाला जुन्या डांबराचा थर होता, तो पेटला होता, आणि पेटलेलं डांबर थेंब थेंब गळत होतं. हा वेडा तरीही छताचा जोड कापत होता.

"बाहेर ये!"

"एवढाच राहिलाय," तो म्हणाला. अगदी शांतपणे, कामावरच्या माणसासारखा. त्याच्या बाह्या जळत होत्या.

तिने कोटाची कॉलर धरून त्याला खेचलं. तो तिच्यापेक्षा हातभर उंच, पण शाळेची पातेली उचललेले ते हात होते. दोघं अंगणात कोसळली आणि मागे गाडीतल्या जुन्या गाद्या भडकल्या.

चॅपल अर्ध्यावर सुटलं. रविवारचे काळे कोट, टोप्या घातलेली माणसं टेकडीवरून धावत आली. बादल्या झाल्या, बागेच्या नळ्या झाल्या. बंब येईपर्यंत पडवी बसली होती. इदवाल भिंतीच्या कट्ट्यावर, हातांना ओला टॉवेल गुंडाळून, बसला होता. धूर विरला तशी गाडी दिसू लागली. रंग जळून गेला होता. लांबी तडकून गळून पडली होती. उघड्या काळ्या पत्र्यावर तो वळ छतावरून जमिनीपर्यंत सगळ्या गावाला दिसत होता.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. जाणणाऱ्यांनी ओळखलं. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि मिसेस प्यू पुढे आल्या. आज त्यांनी मान वळवली नाही. गाडीकडे बघितलं, मग इदवालकडे.

"ती काय रेघ आहे?" त्यांनी विचारलं.

आयर्लिसने तोंड उघडलं, पण इदवालच बोलला. टॉवेलात तोंड घालून बोलला, तरी ऐकू आलं. "दोन गाड्या जोडल्यात, मिसेस प्यू. आर्वेलचीही तशीच होती. मीच जोडलेली. तो झोपला नव्हता."

म्हातारीने काठी दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाली, "काइन्वेनच्या आईपुढे मी गुडघे टेकले होते. माझ्या पोराने तुझी पोर मारली, क्षमा कर म्हणून. ती बाई माझं तोंड न बघता मेली. आर्वेलचा फोटो मी कपाटात उलटा ठेवते, इदवाल. लाज वाटते म्हणून."

तो रडायला लागला.

"रडू नकोस," म्हातारी म्हणाली. "काइन्वेनचा भाऊ आहे अजून. हेच शब्द त्याच्या दारात उभा राहून बोल. मी बरोबर येईन."

हातांना पट्ट्या असतानाच तो गेला. काइन्वेनच्या भावाने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. मग पंधरवड्याने तो एकटाच मिसेस प्यूंकडे आला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात चहा न पिता बराच वेळ बसून राहिला. इदवालवर खटला झाला. वय आणि हातांची दशा बघून न्यायाधीशाने त्याला तुरुंगात धाडलं नाही. ते काम गावाने केलं. चॅपलमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहू लागली. आयर्लिस दर गुरुवारी त्याच्या उंबऱ्यावर झाकलेलं ताट ठेवते, कारण त्याला सुरी धरता येत नाही. आत मात्र जात नाही.

गाडी भंगारवाल्याने नेली. उचलताना ती हवेत जोडावर वाकली, आणि कार्डिफहून आलेल्या लुनेदने नकळत पोटावर हात ठेवला.

पण तीनमधल्या तिसऱ्या गाडीचं काय? इदवालला एवढंच आठवतं की ती मँचेस्टरकडच्या कुणा जोडप्याने नेली. तेव्हा लाल होती. पोलिसांनी शोध घेतला, हाती काही लागलं नाही. अशा जुन्या गाड्यांना आता भलताच भाव आलाय. लोक त्या घासूनपुसून आरशासारख्या चमकवतात आणि पोराबाळांना घालून किनाऱ्यावर आणतात.

उन्हाळ्यात पोर्थवेनच्या किनाऱ्यावर अशी एखादी गाडी येऊन थांबली की आयर्लिस नातवाची ढकलगाडी लुनेदच्या हाती देते आणि तिकडे निघते. माणसं कौतुकाने हसतात, चहा देऊ करतात. "छान आहे ना? नुकतीच रंगवलीय." ती मान डोलावते, आणि तिचा तळहात छतावरून, पुढच्या सीटांच्या मागच्या बाजूने, हळूहळू फिरत राहतो.