आजी काय म्हणाली

नव्वद सालानंतरची गोष्ट. लासुर्ण्यात माझ्या सासूच्या अंगावरून वारं गेलं. जीभ जड झाली, बोलणं म्हणजे नुसता घोगरा आवाज उरला. तो घरात एकट्या माझ्या लेकीला कळायचा. ती दहावीत होती.

इंग्रजीच्या तासाला तेव्हा एकाचं बोलणं दुसऱ्याला फिरवून सांगायला शिकवत होते. लेक आजीच्या खाटेशी बसून सराव करायची. आजीनं आवाज काढला की आधी म्हणायची, "ग्रँडमदर सेड दॅट शी वॉज थर्स्टी." मग मला, "आई, आजी पाणी मागती."

मी चौथी शिकलेली. म्हटलं, "एवढंच व्हय? हे तर नळावर रोज चालतं. त्याला मास्तर कशाला?"

"मास्तरांनी तपासलं तर तुमी सगळ्या नापास. तिखटमीठ लावता."

ती लावत नव्हती, काढून टाकायची. एकदा सासूनं ताट ढकललं आणि बराच वेळ घुमली.

"काय म्हणती?"

"भाकरी मऊ झालीया म्हणती."

"मग ताट का ढकललं?"

"पोट भरलं म्हणून."

लग्न होऊन आल्यापासून ती बाई माझ्याशी कधी धड बोलली नव्हती. पोरगी खोटं सांगते हे कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी भाकरी जरा पातळ थापली.

दहावीनंतर लेक बारामतीला कॉलेजात गेली, तिथंच होस्टेलवर राहिली. मागं म्हातारी बोलायची, आम्ही पाण्याचा तांब्या पुढं करायचो. ती हात झटकायची. पुढं पुढं तिनं बोलणंच सोडलं.

गेली त्या दिवशी सकाळी सगळे टोमॅटो तोडायला गेले होते. मी तिचं अंग पुसत होते. तिनं माझं मनगट धरलं आणि काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही हे बघून पुन्हा म्हणाली. शिवी होती की दुसरं काही, कोण जाणे. मी म्हटलं, "व्हय, आत्या." दुपारी ती संपली.

निरोप मिळून लेक एस्टीनं येईपर्यंत माती होऊन गेली होती. तिचं रडून झाल्यावर मी तो आवाज काढून दाखवला, जमेल तसा.

"काय म्हणाली असंल गं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. वाटलं, आता काहीतरी गोड सांगेल. मी तेही घेतलं असतं.

"पुन्हा काढ."

पुन्हा काढला.

"न्हाय कळत, आई," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून तो आजीचा वाटतच न्हाय."